कशाप्रीत्यर्थ

आमच्या भागात कुणी काही दिलं, की ते कशाप्रीत्यर्थ दिलं हे माइकवरून सांगावं लागतं. भंडाऱ्याला साखरेचं पोतं आलं तर ते नातू झाल्याप्रीत्यर्थ. बैलगाड्यांच्या शर्यतीला ढाल आली तर ती नवा ट्रॅक्टर घेतल्याप्रीत्यर्थ. देवळात पंखा लागला तर तो मुलगी पोलीस भरतीत निघाल्याप्रीत्यर्थ. देणाऱ्याने कानात सांगायचं, माइकवाल्याने पुकारायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. एकदा बोरी बुद्रुकच्या यात्रेत एका पावण्याने मंडपाचं भाडं दिलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "प्रीत्यर्थ काय न्हाई भाऊ, आसंच दिलंय."

मी म्हणालो, "असंच कसं? लोकांना संशय येईल. काहीतरी सांगा."

तो विचारात पडला. मागे गाडामालक खोळंबले होते, बैल फुरफुरत होते. त्याच्या घरी कुणाचं तरी डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं मी कुठेतरी ऐकलं होतं. मीच पुकारून टाकलं, "मोतीबिंदूचं ऑपरेशन यशस्वी झाल्याप्रीत्यर्थ." ऑपरेशन त्याच्या सासूचं होतं आणि सासूशी त्याचं बोलणं बंद होतं. त्या दिवसानंतर त्याचं माझ्याशीही बंद झालं.

तर असा मी माइकवाला. पोट त्यावर नाही. कळंबला हायवेच्या कडेला पाइप-फिटिंगचं छोटं दुकान आहे. आवाज मोठा, पाठांतर बरं, आणि गप्प बसायची सवय नाही, एवढ्या भांडवलावर यात्रा, साखरपुडे, सत्कार असं सगळीकडे मला बोलावतात. बायको म्हणते, "तुम्हाला जेवण नको, नुसता माइक वाढला तरी ढेकर द्याल." घरातल्या पोरांनी माझ्या गोष्टी इतक्या वेळा ऐकल्यात, की मी अडखळलो तर पुढचं वाक्य तीच सांगतात. ही गोष्ट मात्र मी त्यांना अजून नीट सांगू शकलेलो नाही. अर्ध्यावर आलं की आवाज चढतो आणि बायको पाण्याचा तांब्या आणून ठेवते.

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची आहे. आमचं मूळ घर तळेघरच्या वरच्या अंगाला. वडील पोटासाठी खाली उतरले आणि कळंबचे झाले. आक्काला मात्र परत वरच, नात्यातल्या घरी दिली. तळेघरपर्यंत एसटी, तीही आली तर. पुढे पाय. आक्काची वाडी भाताची आणि नाचणीची. भात तिथे सालासकट साठवतात आणि घरात तांदूळ संपत आला, की डोक्यावर पोतं घेऊन तळेघरच्या गिरणीला जातात, भरडून आणतात. जाताना उतार, येताना चढ. पावसाळ्यात दोन्हीकडून चिखल.

वाडीतल्या बायकांनी बचत गट काढून भात भरडायचं यंत्र घेतलं. त्यासाठी पत्र्याची शेड उभी केली, मोटार बसवली, कोनाड्यात देवाची तसबीर लावली. अडलं कुठे, तर लाइटीवर. वाडीत लाइट आहे, पण दिव्यापुरती. बल्ब पेटतो, मोबाइल चार्ज होतो, टीव्हीवर हिंदी मालिका दिसते. गिरणीची मोटार फिरवायला थ्री फेज लागतं. त्याची लाइन मंजूर झाली. सिमेंटचे खांब ट्रकमधून आले आणि वाडीच्या वळणावर आडवे पडले. बायकांनी त्यांना हळद-कुंकू लावलं. शेरडं त्यांच्यावर ऊन खायला बसायला लागली. शेडजवळ कोणता खांब उभा राहणार हेही आक्काने ठरवून ठेवलं होतं. तिच्या मते एक खांब जरा वाकडा होता, तो तिने मनातल्या मनात जावेच्या घरामागे ढकलला होता.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी तिचा फोन आला.

"खांब नेले."

"चोरले का काय कुणी?"

"चोरले आस्ते तर बरं व्हतं रे. पोलिसांकडं तरी गेलो आस्तो. सरकारी गाडी आली व्हती. राम राम करून नेले."

दुसऱ्या दिवशी आक्का खाली आली. तिला घेऊन मी वीज ऑफिसात गेलो. तिथला इंजिनियर तरुण, सभ्य आणि कायम दमलेला. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, यावरूनच मला कळायला हवं होतं की काम होणार नाही.

"मावशी, तुमचं काम मंजूर होतं," तो म्हणाला. "आता नवीन धोरण आलंय. डोंगरातल्या वाड्यांना इथून पुढे थ्री फेजची लाइन न्यायची नाही. सौर संच द्यायचा. गिरणी त्याच्यावर चालवायची."

"हे ठरिवलं कुणी?"

"वरून आलंय."

"वर तर आमी ऱ्हातो," आक्का म्हणाली. "आमच्याकडून तर न्हाई आलं."

शेजारच्या टेबलावरचा क्लार्क हसला. इंजिनियर हसला नाही.

"साहेब, आखाडात या आमच्याकडं," आक्का सांगत होती. "धुकं आसं उतरतं, की गोठ्यात म्हस हाय का न्हाई ते हात लावून बघावं लागतं. कपडे चुलीवर वाळवतो आमी. तिथं तुमचा सूर्य कुठून आणायचा?"

"मला माहीत आहे मावशी. तिकडची लाइन मीच बघतो. पावसाळ्यात मीपण तिथे भिजतो."

"मंग तसं लिवा की वर."

"लिहिलं होतं," तो म्हणाला, आणि उगाचच टेबलावरचा पेन सरळ केला.

माझा सूर्यावर राग नाही, हे इथेच सांगतो. माझ्या घराच्या छतावर पाणी तापवायचा सौर बंब आहे आणि त्याच्या पाण्याने आंघोळ करताना मी गातो. खाली कळंबला, बोरीला, उन्हाच्या गावांत सौर पंप लोकांच्या उपयोगी पडलेले मी पाहिलेत; त्यांचे पाइप मीच विकलेत. पण ढगात राहणाऱ्या माणसाला उन्हावर चालणारं यंत्र द्यायचं आणि त्याच्या नावे आलेले खांब उचलून न्यायचे, हे डोकं कुणाचं, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

ते डोकं माझ्या दुकानात चहा पिऊन जात असे, हे कळायला थोडा वेळ लागला.

सौर कंपन्यांचा आमच्या भागाचा एक माणूस होता. विकायला येणारे वेगळे, हा वेगळा. हा काहीच विकायचा नाही. पांढरे बूट, मऊ बोलणं, सगळ्यांच्या घरच्यांची चौकशी. काम काय म्हणून विचारलं तर म्हणायचा, "समन्वय." दहा कंपन्यांची मिळून एक संघटना आणि तिचा हा समन्वय. कोणत्या पुढाऱ्याच्या मुलाचं लग्न कधी, कोणाच्या तालमीला मॅट हवी, कोणत्या घाटात, म्हणजे बैलगाडे पळतात त्या धावपट्टीवर, मंडपाला मदत लागेल, हे त्याला आमच्याआधी माहीत असायचं. आम्ही म्हणायचो, माणूस देवासारखा आहे. खरंच तसा होता. कुणाला काय द्यायचं हे तोच ठरवायचा.

तो एकदा म्हणाला, "भाऊ, तुमचा आवाज पाहिजे. स्नेहमेळावा आहे, दुपारचं जेवण. साहेब येणार आहेत. मुंबई-पुण्याहून उद्योगातली मंडळी आहेत. सूत्रसंचालन गावरान मराठीत झालं तर साहेबांना आवडेल."

साहेब म्हणजे आमच्याकडचे एक मोठे पुढारी. त्यांचं पद सांगत नाही, कारण ते बदलत असतं. वीज खात्यात त्यांचा शब्द चालतो हे मात्र बदलत नाही. मी लगेच हो म्हणालो. साहेबांच्या कानात खांबाचं घालता येईल, एवढाच विचार. आक्काला फोन केला तर ती म्हणाली, "जा. पण तिथं तुझी ती नेहमीची म्हशीची गोष्ट सांगत बसू नको. खांबाचं बोल आन् ये." बायकोने जाकीट इस्त्री करून दिलं. फेटा मी स्वतःच्या हौसेने बांधला.

हायवेलगतचं एक लॉन्स होतं. एरवी तिथे लग्नं लागतात. आत गार हॉल, गोल टेबलं, टेबलांवर पांढरे कपडे आणि खुर्च्यांना मागून रेशमी गाठी. स्थानिक पदार्थ म्हणून मासवडी ठेवली होती आणि पाहुणे ती काट्याने कापत होते. मी स्टेजच्या कडेला बसून दुसऱ्यांदा रस्सा घेतला तेव्हा समन्वयवाला शेजारी येऊन बसला. तो खुशीत होता.

मी विचारलं, "हा मेळावा नेमका कशाचा?"

"निवडणुका जवळ आल्या की पक्षाला खर्च असतो," तो म्हणाला. "उद्योगाने हातभार लावायचा. सगळे लावतात. कोळसावाले लावतात, तारवाले लावतात. आपण मागे राहिलो तर आपलं कोण ऐकणार?"

"मग बदल्यात काय?"

"छे छे. बदल्यात काही नसतं." त्याला खरंच वाईट वाटलं. "फक्त आपलं म्हणणं ऐकून घेतात. आता परवाचं धोरणच बघा. सरकारकडे एवढं लिहायला माणसं कुठे आहेत? मसुदा आमच्याच संघटनेने करून दिला. दोन-तीन शब्द त्यांनी बदलले, बाकी तसाच."

"शब्द कोणते बदलले?"

"आम्ही 'शक्यतो' लिहिलं होतं. वाड्यांना शक्यतो सौर. साहेबांनी 'शक्यतो' काढला." तो मनापासून हसला. "आमच्यापेक्षा तेच पुढचे निघाले. आणि भाऊ, तुम्ही धंद्यातले आहात म्हणून सांगतो. खांब एकदा उभा केला की विषय संपला, माणसाला आयुष्यभर पुरतो. संचाचं तसं नाही. बॅटरी बदला, इन्व्हर्टर बदला, देखभालीचा करार करा. गिऱ्हाईक परत येतंच."

मी मान डोलावली. दुकानदार आहे ना. परत येणारं गिऱ्हाईक म्हटलं की माझी मान आपोआप डोलते. तोंडात मासवडी होती आणि कानात जे पडत होतं ते अजून पोटापर्यंत पोचलेलं नव्हतं.

मग कार्यक्रम सुरू झाला. मला सूचना होती की फक्त नावं घ्यायची. टेबलावरून एकेक जण उठणार, साहेबांना फुलांचा गुच्छ देणार, फोटो काढणार, बसणार. बाकी देणंघेणं आधीच कुठेतरी झालेलं होतं. इथे दिसायला फक्त फुलं. मी दोन नावं घेतली. तिसरं घेतलं. पण मला चैन पडेना. इतक्या वर्षांची जिभेची सवय. कुणी द्यायला उठतो, कुणी घ्यायला उभा राहतो आणि मधे प्रीत्यर्थ नाही, हे म्हणजे नवरा-नवरी समोरासमोर उभे आणि मंगलाष्टकच नाही. मला ते उघडंवाघडं वाटायला लागलं. चौथ्या वेळी खुद्द समन्वयवाला संघटनेच्या वतीने मोठा हार घेऊन स्टेजवर आला. हार इतका जाड की दोघांनी धरला होता. मी माइक झाकून त्याच्या कानाशी गेलो.

"प्रीत्यर्थ काय सांगू?"

"काय?" त्याचं लक्ष फोटोवाल्याकडे होतं.

"हार कशाप्रीत्यर्थ?"

"अहो कशाप्रीत्यर्थ म्हणजे, आपलं वाड्यांचं झालं ना," तो दात दाखवून फोटोकडे बघत म्हणाला.

मला तेवढं पुरे होतं. माइकवाल्याला धागा मिळाला की कापड तो स्वतः विणतो. मी छाती भरून, घाटातल्या शेवटच्या बैलगाड्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "डोंगरातल्या वाड्यांच्या थ्री फेजच्या लाइनी रद्द होऊन सौर धोरण मंजूर झाल्याप्रीत्यर्थ, समस्त सौर कंपन्यांतर्फे, साहेबांच्या पक्षकार्यास सप्रेम भेट. टाळ्या होऊ द्या मंडळी."

हॉलमध्ये काट्याचमच्यांचा आवाज थांबला. हार अर्ध्यावर थांबला. साहेबांची मान पुढे झुकलेली, तशीच राहिली. टाळ्या वाजवल्या फक्त मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वाढप्यांनी. ते आमच्याच भागातले होते. प्रीत्यर्थ झालं की टाळी वाजवायची, एवढं त्यांना ठाऊक होतं.

साहेब कसलेले. त्यांनी हार स्वतःच गळ्यात घालून घेतला, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "आमचे निवेदक मोकळ्या मनाचे आहेत. गावाकडचा माणूस, पोटातलं ओठावर येतं. त्याच्यावर हसा, पण मनावर घेऊ नका." सगळा हॉल हसला. मीही हसलो. हसून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की माझ्या बोलण्यात चूक काय झाली हे कुणी सांगितलंच नाही. कारण चूक नव्हतीच. मी बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यांना फक्त तो मोठ्याने नको होता.

आणि तिथे, फेट्याखाली, मला राग आला. असा राग मला एरवी येत नाही. दुकानात उधारीवरून येतो तो राग नव्हे, तो चहा झाला की जातो. हा पायापासून चढत आला. माझ्या बहिणीच्या हळदीकुंकवाचे खांब या माणसांनी एका शब्दावर उचलून नेले होते. 'शक्यतो' हा एक शब्द त्यांनी खोडला, तो हसत खोडला, आणि तो खोडल्याचं जेवण मी खाल्लं होतं. शिवाय पुकारलंही मीच होतं. यांच्यातला एकही जण आषाढात तळेघरच्या वर गेलेला नव्हता. गेला असता तर गाडीच्या दिव्यात स्वतःचं बोनेट दिसलं नसतं. पण वाडी बघायची त्यांना गरजच नव्हती. साहेबांना बघणं पुरेसं होतं.

कार्यक्रम संपल्यावर हात धुवायच्या जागी मी साहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, माझ्या बहिणीच्या वाडीचे खांब नेलेत. गिरणी पडून आहे. तिथे पावसाळ्यात ऊन नसतं."

त्यांनी ओला हात माझ्या खांद्यावर ठेवला. "कुठली वाडी?"

मी सांगितली.

"असं का. बहिणीची म्हणजे आपल्या घरचीच." आणि त्यांनी मागे वळून हाक मारली. खात्याच्या माणसाला नाही, स्वतःच्या सचिवाला नाही. समन्वयवाल्याला. "अहो, ह्यांच्या बहिणीचं बघा जरा काय आहे ते."

म्हणजे ज्याने नेले त्याच्याकडेच मला पाठवलं. समन्वयवाला माझ्यावर रागावलाही नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो आपुलकीने म्हणाला, "खांबाचं विसरा भाऊ, ते आता धोरणात बसत नाही. पण पहिला संच तुमच्या आक्कांच्या वाडीत बसवू. डोंगर, पत्र्याची शेड, नऊवारीतल्या बायका. फोटो फार सुंदर येतील."

घरी येऊन मी आक्काला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हंजी आपले खांब त्यांनी जेवणात खाल्ले."

"हो."

"आन् तू काय खाल्लंस?"

"मासवडी," मी म्हणालो.

"बरी व्हती का?"

मासवडी चांगली होती, हे तिला सांगायचं धाडस मला आजही नाही.

उन्हाळ्यात संच आला. खोटं का सांगा, उन्हाळ्यात चालला. वैशाखातलं ऊन, निळ्या काचा डोळे दिपवणाऱ्या, आणि दुपारी गिरणी घुमायला लागली. बायकांनी पहिला तांदूळ देवाला ठेवला. फोटो खरंच सुंदर आले. एका फोटोत आक्का मोटारीच्या पट्ट्याकडे संशयाने बघत होती. तो त्यांनी छापला नाही.

मग ढग उतरले. पहिल्या आठवड्यात गिरणी कण्हत चालली, पुढे नुसती कण्हली, पुढे तेवढंही नाही. पावसाळा लागल्यावर मी वर गेलो होतो. शेडमध्ये यंत्रावर पोतं टाकलेलं आणि त्यावर मांजर झोपलेलं. आक्काने संचावर लिहिलेल्या नंबरला फोन लावून माझ्याकडे दिला, कारण पलीकडे हिंदी बोलत होते. मी वाडीतलं धुकं जमेल तेवढ्या हिंदीत समजावून सांगितलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पॅनेल पे धूप आने दीजिए."

"काय म्हणती?" आक्काने विचारलं.

"ऊन येऊ द्या म्हणते."

"तिला म्हणावं, आमी काय धरून ठेवलंय का?"

त्याच मुक्कामात इंजिनियर आला. तोच, दमलेला. भिजलेली सरकारी जीप वळणावर, जिथे खांब पडलेले असायचे तिथे उभी करून चिखलातून चालत आला. त्याला सही हवी होती. संच मिळाला, चालू आहे, गिरणीच्या विजेची सोय झाली, अशी बचत गटाच्या अध्यक्षाची सही. अध्यक्ष आक्का.

बायका शेडमध्ये जमल्या. आक्काने त्याला आधी चहा दिला.

"चालू करून दाखवा, सही करते," ती म्हणाली.

"मावशी, आत्ता कसं चालेल? बघताय ना बाहेर."

"मी बगतेच हाय. तुमीबी बघा."

"उन्हाळ्यात चालला होता ना?"

"उन्हाळ्यात आमी न्हाई का पायी जाऊ शकत? पायाखाली चिखुल आसतो तवाच गिरणी पायजे."

तो माझ्याकडे वळला. "दादा, तुम्ही समजवा. तुमचं ऐकतील. तुम्ही बोलणारे आहात."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बोलायला सांगितलं आणि मी बोललो नाही. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण तो चुकीचा माणूस होता. ज्यांच्यावर ओरडायचं ते असल्या पावसात येत नाहीत. त्यांनी त्यांच्याऐवजी हे भिजलेलं पोरगं पाठवलं होतं. मी आक्काकडे बघितलं. तिने नुसती मान हलवली आणि बायकांना म्हणाली, "चला ग, पावसाची उघडीप हाय तवर निघू. कोणकोण येतंय गिरणीला?"

पोती बाहेर आली. मीही एक उचललं. बायकांनी डोक्यावर घोंगडीची खोळ घेतली आणि रांग उताराला लागली. थोड्या वेळाने मागून जीप आली, हळू झाली आणि थांबली. इंजिनियरने काच खाली केली. मागे वळून मागचं दार आतून उघडलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग पोती आत गेली, दोन म्हाताऱ्या आत गेल्या, आक्का पुढे बसली आणि मी मागे भातावर; बाकीच्या चालतच निघाल्या.

वाटेत तो म्हणाला, "मावशी, खरं सांगू का? तुमची सही झाली काय, न झाली काय. वर तुमच्या वाडीचं काम झालं म्हणून कधीच लागलंय. कंप्युटरवर वाडी हिरवी दिसते."

"हिरवी तर हाय," आक्का म्हणाली. "पावसाळाय."

"म्हणजे काम पूर्ण, असा रंग असतो तो. आता तुमच्या वाडीला लाइन परत मागताच येणार नाही."

वायपर काचेवर इकडून तिकडे जात होता. मला वाटलं, आक्का आता रडेल किंवा त्याला चार शब्द सुनावेल. ती बाहेर धुक्याकडे बघत राहिली.

"मंग सही मागाया कशाला आला?" तिने शेवटी विचारलं, अगदी सरळ, भांडणाचा सूर न लावता.

"कागद पूर्ण लागतो."

"आमच्या सहीबिगर पुरा होईल?"

"नाही," तो म्हणाला. "तेवढा एक अपुरा राहील. मला वरून विचारत राहतील."

"विचारू द्या," आक्का म्हणाली. "विचारलं की सांगा, बाई सही देत न्हाई, म्हंती गिरणी फिरत न्हाई. दर वेळेला सांगा. कुणीतरी विचारतंय, एवढं तरी ऱ्हाऊ द्या."

तळेघरला गिरणीपाशी इंजिनियरने स्वतः उतरून पोती खाली घेतली, आणि सहीचा कागद पुन्हा काढला नाही. जीप वळवून तो ऑफिसकडे, घोडेगावच्या रस्त्याला लागला.

गिरणीत डिझेलचं इंजिन धडधडत होतं आणि पुढे बरीच पोती लागलेली होती. चालत आलेल्याही पोचल्या आणि बायका भिंतीला टेकून बसल्या. एक म्हणाली, "मामा, गोष्ट सांगा की." मी सुरुवात केली, पण इंजिनच्या आवाजात माझा आवाजही पुरेना, म्हणून गप्प बसलो.

परतीला जीप नव्हती आणि पाऊस होता. आक्का पुढे चालत होती, डोक्यावर तांदळाचं पोतं. मी मागून चढत होतो आणि साहेबांना, समन्वयवाल्याला, त्या हॉलातल्या एकेका टेबलाला मनातल्या मनात असं काही म्हणत होतो, जे कुठल्याही माइकवर चालणार नाही.

"दमलास का?" आक्काने वळून विचारलं.

"रागावलोय," मी म्हणालो.

"दोनी कर," ती म्हणाली, "पण पाय उचल. तांदूळ भिजतोय."